माळ्यावरचा पाय

मी स्वॅप फाइल बोलतेय. ऐकून कपाळाला आठ्या पाडू नका. तुमच्याही संगणकात माझी एखादी बहीण असेल, तुम्ही तिची कधी विचारपूस केली नाहीत एवढंच. त्याबद्दल माझा राग नाही. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही की मगच माणसाला माळा आठवतो.

मी तशी माळाच आहे. संगणकात काम चालतं ते मेमरीत. मेमरी म्हणजे खोली, लहान पण सगळं हाताशी. ती भरली की ऑपरेटिंग सिस्टिम बराच वेळ कुणी हात न लावलेलं सामान छोट्या तुकड्यांत, म्हणजे पानं पानं करून माझ्याकडे पाठवते. मी तिला कारभारी म्हणते, कारण सगळा कारभार त्याच्याच हातात. कुणी सामान मागितलं की तोच येऊन परत नेतो. मी राहते डिस्कवर, म्हणून हळू आहे, आणि हळू आहे म्हणून रोज शिव्या खाते.

माझा जन्म एका कार्यशाळेत झाला. तिथे माणसांचे पाय बनतात. पुढच्या खोलीत दोन समांतर लोखंडी दांड्या आहेत आणि समोर उंच आरसा. नवा पाय घातलेला माणूस त्या दांड्या धरून चालून बघतो. मागच्या खोलीत प्लास्टरची पोती, कानशी, करवती, प्लास्टिकचा पत्रा मऊ करायची भट्टी, फोमचा ठोकळा कोरणारं यंत्र, आणि या सगळ्यांची पांढरी धूळ अंगावर घेऊन बसलेला आमचा संगणक. तिथे काय बोललं जातं ते मला कसं कळतं म्हणाल, तर संगणकाला माइक आहे आणि तो बंद करता येतो हे मालकांना कुणी सांगितलेलं नाही.

मालक म्हणजे मामा. खरं नातं एका भाचीशीच, पण येणारा जाणारा प्रत्येक जण त्यांना मामाच म्हणतो. साठी उलटलेली, बोटं प्लास्टरने चिरलेली, चष्मा कपाळावर आणि त्याचा शोध टेबलाखाली. तीस वर्षं त्यांनी हाताने साचे केले. मग स्कॅनर आला, त्याच्यामागून एका दवाखान्याने टाकून दिलेला हा संगणक आला, आणि महिन्याभरात तो दमेकऱ्यासारखा धापा टाकायला लागला. म्हणून भाचीला बोलावणं गेलं. भाची प्रोग्राम लिहिते. कामात हुशार, पण घाई अशी की चहा गार व्हायच्या आत तोंड पोळून घेते.

तिने चुटकीसरशी दोन जीबीची फाइल केली. केली म्हणजे काय, नावाला केली. लांबी दोन जीबी, आत नुसती भोकं, डिस्कवर वीतभरही जागा घेतलेली नाही. मग तिने कारभाऱ्याला स्वॅपऑन अशी हाक मारली, म्हणजे ही घे आणि वापरायला लाग. प्रोग्रामने कारभाऱ्याशी बोलायचं तर अशा ठरलेल्या हाकाच माराव्या लागतात. कारभाऱ्याने मला उलटीपालटी करून पाहिलं आणि भोकं आहेत म्हणून परत पाठवलं. जन्मल्या जन्मल्या नकार पदरात पडलेली मी एकटीच नसेन, पण मला तेव्हा लागलं.

मग भाचीने नीट काम केलं. पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्यापर्यंत मला शून्यांनी भरलं, माथ्यावर स्वॅपची खूण उमटवली, कुणी ऐऱ्यागैऱ्याने डोकावू नये म्हणून कुलूप घातलं आणि पुन्हा हाक मारली. कारभाऱ्याकडून शून्य परत आलं. आमच्या जगात शून्य म्हणजे काम झालं आणि उणे एक म्हणजे नाही झालं. शून्य मिळाल्यावर टाळ्या पिटणारी जमात फक्त प्रोग्रामरांची.

माझ्याकडे काय काय यायचं ते सांगितलं तर मामा माझ्याशी बोलणार नाहीत. पत्त्यांचा अर्धवट डाव. एकाच गाण्याच्या चार खिडक्या. 'स्कॅनर वापरण्याविषयी' नावाचं पुस्तक, पहिल्या पानावर उघडं, सात महिने. माणसं उघडतात फार आणि मिटतात कमी. वर पुन्हा संगणक हळू झाला म्हणून त्याच्याच पाठीत थापटी मारतात.

आणि मग एके दिवशी माझ्याकडे एक पाय आला.

तो टपालबाईंचा. त्या टपाल वाटायच्या, पायी. एका गाडीने त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नेला. खात्याने त्यांना आत बसवून शिक्के मारायला दिले. बाई धिप्पाड, आवाज असा की पाकीट न उघडताच आतली बातमी सगळ्या गल्लीला कळावी. त्या पहिल्या दिवशी दांड्यांमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मामा, मला देखणा पाय नको. मला चालणारा पाय हवाय. शिक्के मारून मारून मी वेडी व्हायची वेळ आली आहे. एका जागी बसायला मी काय टपालपेटी आहे?"

खात्याने त्यांना एक संधी दिली होती. शुक्रवारी सकाळी आठ किलोची पिशवी खांद्यावर घेऊन डॉक्टरांसमोर दोन किलोमीटर चालून दाखवायचं. जमलं तर जुनी वाट परत, नाहीतर निवृत्तीपर्यंत शिक्के.

अशा पायात सगळी मेख असते ती सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोल वाटीत. ती केसभर इकडची तिकडे झाली तरी कातडी सोलते. मामांनी बाईंचा पाय स्कॅन केला आणि बारा दिवस पडद्यावर वाटी घडवत राहिले. बाई एक दिवसाआड यायच्या. मामा पडद्यावरच्या खिडकीतूनच आकार थेट कोरणाऱ्या यंत्राकडे पाठवायचे, चाचणीची वाटी करायचे, बाई चालायच्या, मामा कातडीवर उठलेले लाल डाग बघायचे, ती वाटी तिथल्या तिथे करवतीने कापून टाकायचे आणि पडद्यावर पुन्हा थोडा दाब इथे, थोडी सैल जागा तिथे. पाच फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीनंतर त्यांनी शेवटची दुरुस्ती केली, मान डोलावली आणि खिडकी तशीच उघडी ठेवून दुसऱ्या कामाला लागले.

सेव्ह? ते त्यांनी बारा दिवसांत एकदाही केलं नव्हतं.

मामांना सेव्हचं बटण माहीत होतं. ते दाबलं की संगणक नाव विचारतो, आणि मामा तिथेच अडायचे. त्यांच्या धंद्यात ओल्या साच्यावर नाव घालत नाहीत. माणूस चालला, डाग उठला नाही, तर मग खिळ्याने प्लास्टरवर नाव आणि तारीख कोरायची. नाव असलेला साचा फळीवर जातो आणि जन्मभर राहतो. बिननावाचा शनिवारी हातोड्याखाली जातो. संगणकाने नाव विचारलं की मामा पडद्याला म्हणायचे, "थांब रे बाबा, अजून चालली कुठे आहे ती?" आणि रद्द करायचे.

तर तो बारा दिवसांचा पाय कुठल्याही कपाटात नव्हता. मेमरीत होता, आणि खिडकी नुसती उघडी पडली तसा कारभाऱ्याने तो थोडा थोडा करत माझ्याकडे पोचवला होता. मी दोन जीबीची, धुळीने माखलेल्या डिस्कच्या कोपऱ्यातली, जिला कुणी नमस्कारही करत नाही. एका बाईची उभी नोकरी माझ्या मांडीवर येऊन बसली होती. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

बुधवारी दुपारी मामांना शेवटची वाटी कोरायची होती. त्यांनी माउस हलवला. बाण पडद्यावर पोचेपर्यंत त्यांनी चष्मा शोधून, पुसून, पुन्हा हरवला. शेवटी त्यांनी भाचीला फोन केला, आणि ती आली ती थेट बटणाकडे बोट घेऊन.

"मामा, बंद करून चालू करते. दोन मिनिटांचं काम."

"हात लावशील तर खबरदार! माझं काम उघडं आहे."

"सेव्ह केलं आहेस ना?"

"आहे की तिथेच. रोज सकाळी दिसतं मला."

भाचीने ते 'हो' असं ऐकलं. पण मामांचा चेहरा बघून तिने संगणक बंद करायचा बेत सोडला आणि चालू गाडीतच चाक बदलायचं ठरवलं. मी लहान पडते, म्हणून मला काढून माझ्या जागी आठ जीबीची दांडगी बहीण आणायची. मेमरी कशी वाचवावी हे वाचायला तिने त्याच बिचाऱ्या संगणकावर इंटरनेटची सदतीस पानं उघडली. मग तिथेच बसून प्रोग्राम लिहिला. आधी स्वॅपऑफ, म्हणजे मला रिकामी करून कामावरून काढा. मग मला पुसा. त्याच नावाची मोठी फाइल करा. मग स्वॅपऑन. शेवटी पडद्यावर लिहा, 'स्वॅप बदलली, अभिनंदन.'

तिने प्रोग्राम चालवला. स्वॅपऑफला कारभारी म्हणाला, तुला अधिकार नाही, आधी संगणकाचा मालक होऊन ये. पुसायला गेली तर म्हणाला, नाही. त्याच नावाने नवी करायला गेली तर म्हणाला, अगं, ती वापरात आहे. स्वॅपऑनला म्हणाला, चालूच आहे की. चार हाका, चार वेळा उणे एक. पण भाचीने उत्तर ऐकायची तसदीच घेतली नव्हती. हाक मारून पुढे, हाक मारून पुढे. आणि शेवटी पडद्यावर झळकलं, 'स्वॅप बदलली, अभिनंदन.'

"झालं," भाची म्हणाली.

"मग अजून रांगतंय का?" मामांनी विचारलं.

तिने मोजलं. दोन जीबी, जशीच्या तशी. मी हसले असते, पण मांडीवर पाय होता.

भाचीने जीभ चावली. या वेळी तिने प्रत्येक हाकेपुढे उत्तर तपासणारी ओळ घातली आणि मालकाचे अधिकार घेऊन प्रोग्राम पुन्हा चालवला. आता मात्र कारभारी उठला. माझ्याकडचं एकेक पान उचलून मेमरीत न्यायला लागला. पत्ते गेले, गाणी गेली, स्कॅनरचं पुस्तक गेलं, पायाची पानं जायला लागली. पण खोलीत आधीच सदतीस पाहुणे पाय पसरून बसलेले. मी निम्मी रिकामी झाले आणि खोली तुडुंब भरली.

खोली तुडुंब भरली आणि माळाही बंद केला की कारभारी कुणाला तरी ठार करतो. एरवी तो सगळ्यात जास्त जागा अडवणाऱ्याची मान धरतो, आणि ती जागा मामांची खिडकी अडवून होती. पण स्वॅपऑफच्या बाबतीत त्याचा एक नियम आहे. मला बंद करायला जो सांगतो, त्याचंच नाव तो आधी यादीत सगळ्यात वर लिहून ठेवतो. तुझ्यामुळे जागा संपली तर आधी तूच जा. मला हा नियम फार आवडतो, आणि माणसांच्या कचेऱ्यांतही तो लागू व्हायला हवा असं माझं मत आहे.

भाचीचा प्रोग्राम जागच्या जागी मेला. पडद्यावर एकच शब्द उरला, 'ठार'. मी पुन्हा कामावर रुजू झाले.

"कोण ठार?" मामा दचकून म्हणाले.

"माझा प्रोग्राम. पण का?" भाचीने आता पहिल्यांदा शांतपणे पाहिलं, की एवढी जागा अडवून बसलंय कोण. मामांची खिडकी. वर लिहिलेलं, 'शीर्षक नाही'. तिचा चेहरा उतरला. "मामा. हे सेव्ह नाहीये."

"आहे की तिथे."

"तिथे म्हणजे कुठेच नाही! आत्ता लाइट गेली तर संपलं. मी मघाशी ते बटण दाबलं असतं तर..." तिने कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "काहीतरी नाव टाक आणि दाब बटण. काहीही टाक."

"काहीही टाकायला ते कांद्याचं पोतं आहे का?"

"हट्ट करू नकोस रे!"

मामा स्टुलावर बसले. मग जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "ऐक. फार वर्षांपूर्वी मी एका साच्यावर घाईने नाव कोरलं. गडी अजून नीट चालला नव्हता. मी आजारी पडलो. हाताखालच्याने नाव बघितलं, पक्का साचा समजला, त्यावरून पाय केला आणि दिला. पंधरा दिवसांत जखम झाली. तो मनुष्य पुन्हा कधी कुठल्याही पायावर उभा राहिला नाही. मीच भेटायला जायचो, खुर्चीत बसलेला असायचा. नाव घालणं म्हणजे मी शब्द देणं आहे. या शेवटच्या वाटीवर बाई अजून चालल्या नाहीत. मी शब्द कसा देऊ?"

मी इतके दिवस त्यांना विसराळू म्हातारा समजत होते, त्याची मला लाज वाटली.

तेवढ्यात पुढच्या खोलीत कुबड्यांचा खडखडाट झाला. बाई वाटी न्यायला आल्या होत्या. दोघांची तोंडं बघून म्हणाल्या, "काय झालं? माझा उरलेला पायही गेला का?"

भाचीने सगळं सांगितलं. बाईंनी कुबड्या भिंतीला टेकवल्या.

"एवढंच? मामा, आमच्याकडे पत्ता नीट नसलेलं पत्र येतं, तेव्हा आम्ही ते फाडतो का? की आपल्या मनाने पत्ता घालून कुणाच्याही दारात टाकतो? त्यावर 'पत्ता अपुरा' लिहितो आणि वेगळ्या खणात ठेवतो. ते हरवतही नाही आणि चुकीच्या घरीही जात नाही. लिहा की तसंच."

मामांनी स्टूल पडद्याकडे ओढलं. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी लिहिलं: 'अपुरा पाय, कुणी वापरू नये'. आणि सेव्ह दाबलं.

आता पाळी माझी होती. सेव्ह करायचं तर पायाचं पान न् पान मेमरीत हवं, आणि निम्मी अजून माझ्याकडे, सगळ्या कोपऱ्यांत विखुरलेली. भाचीने आपली सदतीस पानं पटापट मिटली. कारभारी धावत आला. हे दे, ते दे, त्या टोकाचं दे. मी जन्मात एवढी धावपळ केली नव्हती. डिस्क करकरायला लागली. बाहेर खिडकी पांढरी पडली आणि तिच्यावर पाटी आली: 'हा प्रोग्राम प्रतिसाद देत नाही. बंद करायचा की थांबायचं?'

भाचीचा हात सवयीने 'बंद करा'कडे गेला. माझ्याकडे अजून तीनशे पानं होती. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

बाईंनी तिचं मनगट धरलं. "थांब गं. आतमध्ये कुणीतरी शोधतंय. खिडकीवर उत्तर आलं नाही म्हणजे आत माणूस नाही असं नसतं. मी तीन महिने टपाल कचेरीच्या खिडकीच्या आत बसले आहे, मला माहीत आहे."

एवढं मला आजवर कुणी समजून घेतलं नव्हतं. भाचीने 'थांबा' दाबलं. चार मिनिटं डिस्क करकरत राहिली. शेवटचं पान माझ्या हातून गेलं आणि खिडकीत रंग परत आला. वर नाव दिसत होतं.

गुरुवारी वाटी कोरली. बाई दांड्यांमध्ये चालल्या, मग दांड्या सोडून चालल्या, मग रस्त्यावर जाऊन कोपऱ्यापर्यंत चालून आल्या. मामांनी डाग शोधले, एकही सापडला नाही. तरी नाव बदललं नाही. "उद्या पिशवी घेऊन चालू देत," म्हणाले.

शुक्रवार गेला, शनिवार गेला, बाईंचा पत्ता नाही. मामा पत्त्यांचा डाव उघडून नुसते बसायचे. सोमवारी भाची नवी मेमरी घेऊन आली, चौपट मोठी. बसवायची तर संगणक बंद करावा लागला. मामांनी यावेळी स्वतःच बटण दाबलं. चालू झाल्यावर भाचीने आपला सुधारलेला प्रोग्राम काढला. आता मोठ्या बहिणीचीही गरज नव्हती. स्वॅपऑफची हाक आली. मी रिकामीच होते. शून्य परत आलं.

पुढची ओळ मला पुसण्याची. भाची आता शहाणी झाली होती, त्या ओळीआधी तिने प्रश्न घातला होता: 'खरंच पुसायची? हो / नाही'. मी त्या प्रश्नाखाली उभी होते. जगले कशी याचा हिशोब करायला एवढा वेळ पुरे होता. दोन जीबी शून्यं, थोडे पत्ते, एक पाय.

तेवढ्यात दारात दणदणीत आवाज आला, "टपाल!"

बाई होत्या. खाकी कपडे, खांद्यावर पिशवी, कुबड्या नाहीत. मामा उठताना स्टूल पडलं. बाईंनी एक पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. "पत्र काही खास नाही, विजेच्या खात्याचं आहे. पण आणलंय मी. शनिवारीच सांगायला येणार होते, मग म्हटलं, वाटेवरच भेटू." आणि त्या निघाल्यासुद्धा, पुढची सतरा घरं बाकी होती म्हणून. मामा दारात उभे राहून त्यांची पावलं बघत राहिले. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला, तो या खेपेला खरोखरच डोळ्यांवर होता.

आत येऊन त्यांनी आधी पायाचं नाव बदललं. बाईंचं पूर्ण नाव घातलं, खाली तारीख घातली. मग त्यांचं लक्ष भाचीच्या पडद्याकडे गेलं.

"हे काय पुसतेस?"

"जुनी स्वॅप फाइल. ज्यात तुझा पाय अडकला होता ती."

"अडकला होता की ठेवला होता?" मामा वाकून वाचायला लागले. "हिला नाव आहे?"

"आहे ना. हे काय, वर लिहिलंय."

"मग हातोड्याखाली कशी घालतेस? नाव असलेलं फळीवर जातं."

भाचीने 'नाही' दाबलं. मग स्वॅपऑनची हाक मारली आणि उत्तर नीट ऐकलं. शून्य.

तेव्हापासून मी फळीवर आहे. खोली मोठी झाल्याने माझ्याकडे फारसं कुणी येत नाही, अधूनमधून पत्त्यांचा डाव येतो तेवढाच. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमचंही एखादं काम बारा दिवस उघडं पडलं असेल, आणि ते पुरं झालं असं म्हणायला जीभ रेटत नसेल, तर रेटू नका. त्याच्यावर 'अपुरं' लिहा आणि ठेवा. माझ्या भरवशावर मात्र टाकू नका; मी सांभाळीन, पण लाइट गेली की मी कुणाची नाही.